शब्दचर्चा : ‘झपाटलेली जागा’ म्हणावे की ‘खायला उठणारे घर’?

विचारणा : अलौकिक आणि गूढ कथा लिहिणाऱ्यांना प्रत्यक्षातल्या ज्या जागांनी कथाबीज दिले, त्यांच्याविषयी मी एक लेख लिहीत आहे. लेखात मी सर्वत्र ‘झपाटलेल्या जागा’ असा प्रयोग केला होता. मसुदा वाचणाऱ्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हरकत घेतली की, मराठीत माणूस झपाटला जातो, जागा नव्हे. ही हरकत योग्य आहे का, आणि असल्यास दुसरा कोणता शब्द वापरावा?

उत्तर : हरकत बरीचशी योग्य आहे, आणि तिच्यामागे व्याकरणाहून मोठे कारण आहे, पण आधी व्याकरणाचे पाहू. ‘झपाटणे’ या क्रियापदात अचानक झडप घालून ताब्यात घेण्याचा भाव आहे. ‘झपाटा’, ‘झपाट्याने’ या शब्दांतला वेग आणि जोर त्याच्यातही आहे. ‘पछाडणे’ म्हणजे पाडणे, चीत करणे. दोन्ही क्रिया एखाद्या जिवंत देहावर घडतात. जागेविषयी बोलताना आपली बोली दुसरी वाट धरते. जागेत कोणाचा तरी ‘वास’ असतो किंवा ‘वावर’ असतो. पिंपळावर मुंजा असतो, पाण्याच्या काठी आसरा असतात, कोकणात आणि गोव्यात एखाद्या जागेला राखणदार असतो किंवा तेथे देवचार फिरतो. तिन्हीसांजेला नाव घेणेही ज्यांना नको असते ते ‘तिथे आहे म्हणतात’ एवढेच बोलून थांबतात. या वाक्यात कर्ता सांगितलेलाच नाही, आणि ऐकणाऱ्याला भीती वाटते ती त्या गाळलेल्या कर्त्यामुळेच.

भयकथांच्या आणि चित्रपटांच्या जगात ‘झपाटलेला वाडा’ हा प्रयोग आता इतका रुळला आहे की त्याला चूक ठरवणे मला पटत नाही. आपल्या लेखाच्या संदर्भात मात्र तो अर्थाच्या दृष्टीने अडचणीचा आहे. जागेला ‘झपाटलेली’ म्हटले की तेथे भूत आधीपासून आहे असे आपण गृहीत धरतो, आणि लेखकाने ते भूत नुसते उचलून कथेत ठेवले असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात ज्या जागांनी थोर कथा दिल्या त्यांतल्या कित्येक ठिकाणी लेखकाला भूत भेटलेले नाही, भुताची वदंताही कानी आलेली नाही. त्याला तेथे जे मिळाले ते निराळेच होते, आणि शब्द त्याच्यासाठी शोधला पाहिजे.

या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटते ते रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘क्षुधित पाषाण’ या कथेचे उदाहरण. रवींद्रनाथ 1878 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, विलायतेला जाण्यापूर्वी अहमदाबादला आपले थोरले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहिले होते. सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश होते आणि त्यांचे निवासस्थान शाहीबागेतला मोगलकालीन महाल हे होते. शाहजहान शाहजादा असताना, गुजरातच्या सुभेदारीच्या काळात, हा महाल बांधला गेला. रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत या वास्तूचे जे वर्णन केले आहे त्यात भयानक असे काहीच नाही. महालाच्या पायथ्याशी उन्हाळ्यात रोडावलेली साबरमती वाळूच्या एका कडेने वाहत होती. नदीच्या बाजूला मोठी उघडी गच्ची होती. बंधू कचेरीला गेले की एवढ्या प्रचंड वास्तूत हा मुलगा एकटाच उरे, आणि दुपारभर पारव्यांच्या घुमण्याखेरीज कसलाही आवाज नसे. गच्चीवरच्या ज्या लहानशा खोलीत तो राही तेथे गांधीलमाश्यांचे पोळे होते. चांदण्या रात्री तो नदीकडच्या गच्चीवर येरझारा घालत असे, आणि स्वतः चाल लावलेली आपली पहिली गाणी त्याने तेथेच रचली.

ही सगळी सामग्री पाहिली तर तिच्यात पिशाच्च नाही, शाप नाही, खूनही नाही. एका मोठ्या घराचा रिकामेपणा तेवढा आहे. उतारवयात लिहिलेल्या बालपणाच्या आठवणींत रवींद्रनाथांनी त्याचे कारणही सांगितले आहे. ते कलकत्त्यात वाढले, आणि त्या शहरात इतिहास कोठे मान वर काढून उभा असलेला त्यांना दिसला नव्हता. अहमदाबादला आल्यावर चालता इतिहास थांबला आहे आणि त्याने मागे तोंड फिरवले आहे, असे त्यांना पहिल्यांदा जाणवले. त्या कथेची चाहूल त्यांना तेथेच लागली.

कथा प्रसिद्ध झाली 1895 मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. तिच्यात साबरमतीच्या जागी शुस्ता नावाची नदी आली आणि न्यायाधीशाच्या जागी निजामाच्या नोकरीतला कापसाचा महसूल गोळा करणारा अधिकारी आला. महाल मात्र तसाच नदीकाठी, तसाच रिकामा राहिला. कचेरीतला म्हातारा करीमखान त्या महालाची उकल सांगतो तेव्हा तो एखाद्या विशिष्ट भुताचे नाव घेत नाही. तेथे पूर्वी इतक्या अतृप्त वासना जळल्या की आता तिथला दगडन् दगड भुकेला आणि तहानलेला आहे, आणि जिवंत माणूस हाती लागला की ते दगड त्याला गिळू पाहतात, असे तो सांगतो. कर्ता दगड आहे, आणि क्रिया खाण्याची आहे.

आता आपल्या भाषेकडे वळू. रिकाम्या घराविषयी मराठी माणूस काय म्हणतो? ‘घर खायला उठते.’ मुलगी सासरी गेल्यावर, म्हातारा जोडीदार गेल्यावर, सुट्टी संपून नातवंडे परतल्यावर घरोघरी हे वाक्य ऐकू येते, आणि ते उच्चारणाऱ्याच्या मनात भुताखेतांचा विचारही नसतो. तरीही हा वाक्प्रचार नीट ऐकावा : घर उठते, आणि ते माणसाला खायला उठते. रवींद्रनाथांनी कथा बंगालीत लिहिली हे खरे, परंतु तिचे मर्म कळायला मराठी वाचकाला कोणत्याही टीपेची गरज पडू नये, इतका हा वाक्प्रचार त्या कल्पनेच्या जवळचा आहे. म्हणून आपल्या लेखात ‘झपाटलेल्या जागा’ऐवजी ‘खायला उठणाऱ्या जागा’ असे लिहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

(थोडे विषयांतर होते, पण शब्दचर्चेच्या वाचकांना ते आवडेल. अहमदाबादहून रवींद्रनाथ मुंबईला गेले ते डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहायला. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे आत्मारामांचे थोरले बंधू.)

उपप्रश्न : आपले म्हणणे शाहीबागेला लागू पडते. पण ‘ड्रॅक्युला’ कादंबरीला कथाबीज देणाऱ्या व्हिटबीसारख्या गावाचे काय? तेथे रिकामे घर नव्हते. त्यासाठी ‘भारलेली जागा’ कसे वाटते?

उत्तर : आपण व्हिटबी पुढे आणलेत ते बरे झाले, कारण तेथे माझा वाक्प्रचार लागू पडत नाही हे मान्य केले पाहिजे. त्या कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर 1890 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावरच्या या गावी राहिला तेव्हा ते सहलीला येणाऱ्यांनी गजबजलेले होते. कड्यावर पडक्या मठाचे अवशेष होते, शेजारी चर्च आणि त्याची दफनभूमी होती, आणि तिकडे चढून जाणाऱ्या 199 पायऱ्या होत्या. स्टोकरने तेथे एखाद्या अभ्यासकासारखे काम केले. थडग्यांवरची नावे टिपली, स्थानिक बोलीतले शब्द उतरवून घेतले, आणि 1885 मध्ये तेथील वाळूवर आदळलेल्या ‘दिमित्री’ या रशियन जहाजाची हकिकत मिळवली. ते जहाज नार्वा बंदरातून निघाले होते. कादंबरीत ‘डिमीटर’ हे जहाज वार्ना बंदरातून निघते. ड्रॅक्युला हे नावदेखील त्याला व्हिटबीच्या वाचनालयातल्या, वालाचिया आणि मोल्डेव्हिया या प्रांतांविषयीच्या 1820 सालच्या पुस्तकात सापडले. ट्रान्सिल्व्हेनिया त्याने कधीही पाहिला नाही. कादंबरी 1897 मध्ये आली.

अशा जागेला ‘भारलेली’ म्हणावे का? ‘भारणे’ हा मंत्राचा शब्द आहे. पाणी भारतात, दोरा भारतात, अंगारा भारून देतात. म्हणजे कोणीतरी जाणून-बुजून शक्ती घालतो आणि मग वस्तू भारलेली होते. व्हिटबीला कोणी भारले असेल तर ते स्टोकरने, आणि तेही कादंबरी लिहिल्यानंतर! आज तेथे जाणाऱ्या वाचकाला ती दफनभूमी भारलेली वाटते, कारण ती कथा वाचूनच तो तेथे पोचलेला असतो. हा क्रम लेखात स्पष्ट ठेवला तर ‘भारलेली’ हा शब्द अवश्य वापरावा. कथेच्या आधीच्या गावासाठी मात्र ‘कथाबीज देणारी जागा’ असे साधे शब्द पुरेत.

कोलोरॅडोमधल्या स्टॅन्ली हॉटेलचा उल्लेख आपल्या लेखात असणारच. तो पुन्हा पहिल्या प्रकारात येतो. ‘द शायनिंग’ या भयकादंबरीचा लेखक स्टीफन किंग 1974 मध्ये हिवाळ्यासाठी ते हॉटेल बंद होण्याच्या बेतात असताना तेथे 217 क्रमांकाच्या खोलीत पत्नीसह उतरला, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत जवळजवळ ते दोघेच पाहुणे होते. कोणत्याही मराठी घरातली आजी तिथल्या रिकाम्या भोजनगृहाला ‘खायला उठतंय’ असेच म्हणाली असती.

आणखी एक सूचना. वर्णनात ‘ओसाड’, ‘निर्जन’ आणि ‘भकास’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. निर्जन जागेत माणूस नसतो, आणि कदाचित कधीच नव्हता. एखादा सुळका निर्जन असतो. ओसाड जागेत वस्ती होती आणि ती उठून गेली. भकास जागा माणसांनी भरलेलीही असू शकते, तिच्यातले तेज गेलेले असते. अलौकिक कथेला बहुतेक वेळा ओसाड जागा लागते, कारण तेथे गेलेल्यांची आठवण शिल्लक असते. शाहीबागेचा महाल तर ओसाडही नव्हता, न्यायाधीशाचे घर होते ते. फक्त दुपारच्या काही तासांत तो ओस पडत असे, आणि तेवढे पुरले. ‘भयाण’ हे विशेषण शक्यतो टाळावे. ते जागेचे वर्णन करत नाही, वाचकाला काय वाटावे ते आधीच बजावते.

उपप्रश्न : शनिवारवाड्याविषयी लिहिताना तरी ‘झपाटलेला’ चालेल ना?

उत्तर : तेथे निदान गोष्ट उलट आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून त्या वाड्यात झाला हा इतिहास आहे, आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून रात्री ऐकू येते हे लोक सांगतात. म्हणजे येथे भूत लेखकाच्या आधीपासून लोकांच्या तोंडी आहे. तरीही ‘झपाटलेला शनिवारवाडा’ लिहिण्यापेक्षा ‘शनिवारवाड्यात नारायणरावांची हाक ऐकू येते अशी वदंता आहे’ असे लिहावे. ‘आख्यायिका’ या शब्दाला सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली कथा अभिप्रेत असते; एका हाकेएवढ्या बोलवेला ‘वदंता’ अधिक नेमका आहे.