दिवाळीनंतरची फिरती सरासरी: पांडाज की हातचा लूप?

छावणीकर: भाच्याने आपल्या इंदूरच्या छावणी मंडीतल्या सोयाबीनच्या भावाची फिरती सरासरी, म्हणजे दर ओळीला मागच्या तीन भावांची सरासरी, पायथनमध्ये काढली. पांडाज या तयार लायब्ररीचं रोलिंग(3).मीन() लावलं की झालं काम! फाईल उघडली तर दिवाळीआधीचे 4250, 4300 आणि मुहूर्ताच्या सौद्याचा 4600 मिळून 4383. मधे मंडी चार-पाच दिवस बंद होती, त्याचा पत्ताच नाही. रोलिंग(3) तारखा बघतच नाही, ओळी मोजतं. म्हणून म्हणतो, आधी लूप, म्हणजे ओळीमागून ओळ हिशोब करणारा कोड, हाताने लिहा, मग लायब्ररी.

विजयनगरचा कोडर: काका, वेस मॅककिनीने 2008 साली पांडाज सुरू केलं तेच गुंतवणूक कंपनीत काम करताना. भावांचे आकडे त्याला नवे नाहीत. इंडेक्सला, म्हणजे ओळींच्या ओळखखुणेला, तारखा द्या, क्रमाने लावा, खिडकी, म्हणजे एका वेळी बघायचा टप्पा, '3डी' (तीन दिवस) करा, मग दिवसच मोजतं. आणि तुमच्या लूपमध्ये पहिल्या दोन ओळींचं काय? नवशिका एकदोन भावांची बेरीज सरळ 3 ने भागतो, सुरुवातीलाच भाव कोसळलेला दिसतो. रोलिंग(3) तिथे निदान एनएएन, म्हणजे 'आकडा नाही' अशी खूण, ठेवतं.

छावणीकर: लावून बघितलं. आता 4600 आलं! खिडकीत एकच भाव उरला. '3डी' दिलं की किमान ओळींची अट आपोआप 1 होते. मुहूर्ताचा हौसेचा भाव सरासरी म्हणून मिरवतोय, तुमचं एनएएन कुठे गेलं?

विजयनगरचा कोडर: मिन_पीरियड्स, म्हणजे तीच किमान ओळींची अट, 2 द्या. डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, वाचायचा कंटाळा कशाला?

आडतवाल्यांची सून: अहो, व्यापारी मागचे तीन सौदे बघतो, तीन तारखा नाही. मंडी बंद म्हणजे भावच नव्हता, मग भाच्याचं पहिलं रोलिंग(3) चुकलं कुठे? खोटा आहे तो 4600. मुहूर्ताच्या पहिल्या ढिगाला बोली लागते ती मानासाठी; आमचे सासरे त्या दिवशी माल बघतसुद्धा नाहीत, पेढे वाटतात. सरासरी सोडा, मीडियन घ्या. 4250, 4300, 4600, मधला 4300. लूपने काढा नाहीतर रोलिंगने.

छावणीकर: ताई, मीडियन पटलं. लूप मात्र सोडत नाही. काल छप्पन दुकानवर पोहे खाताना भाच्याला विचारलं, "सरासरी काढताना दर ओळीला सगळी बेरीज नव्याने कशाला? नवा भाव मिळवायचा, जुना वजा करायचा, ठाऊक आहे ना?" तर म्हणतो, "मामा, माझ्या कोडमध्ये बेरीज आहेच कुठे?"