मजल्यावरचं कॉमन टॉयलेट आणि दाराबाहेर उभं असलेलं कोणीतरी

फॉलपिको_दादर

नमस्कार. हे घरी बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

दादर पश्चिमेला रानडे रोडजवळ एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझा फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचा गाळा आहे. अकरा वर्षं झाली. मजल्यावर सहा गाळे, एक दाताचा दवाखाना आणि एक क्लास. आम्हा सगळ्या बायकांना मिळून जिन्याच्या वळणावर एक टॉयलेट, त्यात दोन खण. मधली भिंत डोक्याच्या थोडी वर संपते, खाली वीतभर फट. पलीकडच्या बाईच्या चपला दिसतात, आणि मजल्यावरच्या सगळ्यांच्या चपला मला पाठ आहेत. माझ्याही त्यांना पाठ असणार.

बाहेर कोणी उभं आहे असं कळलं की मला लघवी होतच नाही. पूर्वी नळ सोडून ठेवायचे, आवाजात निभायचं. आता नळाला पाणी सकाळी दहापर्यंतच असतं, नंतर ड्रममधून मगाने घ्यायचं. म्हणजे दहानंतर सगळं बाहेर ऐकू जातं. दवाखान्यातले पेशंट दार वाजवत नाहीत, थेट ओढतात. कडी ढिली आहे. दिवाळीच्या गर्दीत एकदा दार उघडलंच. समोर गिऱ्हाईक होतं, ज्यांचा ब्लाउज मी दहा मिनिटांनी त्यांच्या हातात देणार होते.

शेजारच्या गाळ्यातल्या काकूंचा मला मोठा आधार आहे. मुलगी आजारी होती तेव्हा पंधरा दिवस माझी गिऱ्हाइकं त्यांनी सांभाळली. पण त्या पलीकडच्या खणातून बोलतात. "अगं, त्या नऊवारीचं काम झालं का?" मी गप्प राहिले की बाहेर आल्यावर विचारतात, रागावलीस का. शिवाय क्लासच्या मुली तिथल्या आरशासमोर व्हिडिओ कॉल करतात, फोन उंच धरून.

म्हणून मी सकाळच्या चहानंतर दुपारी घरी जेवायला जाईपर्यंत पाणी पीत नाही. दीड वर्षात दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. डॉक्टरांनी विचारलं पाणी किती पिता, तर मी खोटं सांगितलं.

काकूंना न दुखावता कसं सांगू? आणि अशा ठिकाणी वागायची काही रीत आहे का, की मीच जास्त लाजते?

चाळीतली_माई

बाळा, तू जास्त लाजत नाहीस. मी लालबागच्या चाळीत वाढले. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याचे मिळून. माणसं एवढी जवळ राहायची म्हणूनच रीत कडक होती. डबा घेऊन निघालेल्या माणसाला हाक मारायची नाही, "कुठे निघालात" विचारायचं नाही, सासऱ्याने सुनेकडे त्या वेळी बघायचंसुद्धा नाही. दाराशी डबा दिसला की आत माणूस आहे. खात्री करायची तर खाकरायचं, आतला खाकरून उत्तर देणार. दार ओढणाऱ्याला माझी आजी चारचौघांत बोलायची. आणि रांग दाराशी नाही, चार हात लांब, कठड्याशी, तोंड रस्त्याकडे करून.

तुमच्याकडे पेशंट नवे, त्यांना रीत माहीत नाही. मोठ्या अक्षरात लिहून लावा: "दार वाजवा, ओढू नका. जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबा."

नळजोडणी_ठाणे

मी प्लंबिंगची कामं घेतो. आधी कडी बदला. बाहेरून लाल-हिरवं दिसणारी कडी मिळते, आतून लावली की लाल. नागदेवी स्ट्रीटला कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे बघा. दुसरं, खिडकीत एक्झॉस्ट फॅन लावून घ्या, दिव्याच्याच बटणावर. वास जाईल आणि त्याची घरघर कामी येईल. जपानमध्ये याच लाजेपायी बायका फ्लश सारखा ओढून पाणी घालवायच्या, म्हणून तिथल्या एका कंपनीने 1988 मध्ये फ्लशचा नुसता आवाज करणारं यंत्र काढलं. खालची फट मात्र बुजवू नका. धुतल्यावर पाणी तिथूनच निघतं, आणि आत कोणी चक्कर येऊन पडलं तर तिथूनच कळतं.

रात्रपाळी_सिस्टर

ताई, बाहेर कोणी असलं की लघवी न होणं हे बऱ्याच जणांना होतं, याला पार्युरेसिस म्हणतात. पुरुषांनाही होतं. पण पाणी तोडू नका. इन्फेक्शन त्यानेही पुन्हा पुन्हा येऊ शकतं. पुढच्या वेळी डॉक्टरांना खरं सांगा.

फोनबद्दल: टॉयलेटमध्ये असलेल्या बाईला चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद. त्या मुलींच्या मनात तसं काही नसेल, पण कॉलवर पलीकडे कोण बसलंय हे तुम्हाला दिसत नाही. क्लासच्या बाईंना सांगा, मुलींना परस्पर ओरडू नका. आणि लाजेचं म्हणाल, तर याच मुंबईत 2011 पासून बायकांनी 'राइट टू पी' म्हणत मोहीम चालवली, कारण मुतारीत पुरुषांना फुकट आणि बायकांकडून पैसे घेत होते. त्याही आधी लाजल्याच असतील ना?

फॉलपिको_दादर

सगळ्यांचे मनापासून आभार. माईंचं वाचून रडू आलं. माझी आई गिरगावात अशीच वाढली होती.

काल दुकान बंद करताना काकूंशी बोलले. म्हटलं, काकू, आत असताना मला बोलता येत नाही, माझं सगळं अडतं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, तिथला बल्ब दोन महिने गेलाय, कडी अशी, मला आत एकटीला भीती वाटते. तुझ्या चपला दिसल्या की बोलत राहते. अकरा वर्षांत हे मला कळलं नव्हतं.

ठरलंय असं की बल्ब आम्ही दोघी आज आणतो आणि कडीचे पैसे सहा गाळे वाटून घेतील. दवाखान्याच्या डॉक्टरांनी पाटी स्वतः छापून देते म्हटलंय. क्लासच्या बाईंकडे उद्या जाते. काकू आत असल्या की मी जिन्यात उभी राहणार, खालच्या पायरीवर. त्याही माझ्यासाठी तसंच करणार. आज दुपारपर्यंत अर्धी बाटली पाणी प्यायले.

नळजोडणी, एक विचारायचं होतं. आमचं दार फायबरचं आहे, जुन्या कडीची भोकं मोठी झालीत. नवी कडी त्याच जागी बसेल, की मागे पत्रा लावून घ्यावा लागेल?