‘शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी अनुदान’ : हा शब्दप्रयोग मराठीत नेमका काय सांगतो?

प्रश्न

एका लहान विश्वस्त संस्थेने जिल्हा परिषदेच्या आणि खासगी शाळांतील शिक्षकांसाठी एक योजना आखली असून तिचे मराठी माहितीपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जवळपासच्या शाळांतील चार-पाच शिक्षकांनी एकत्र येऊन वर्षभर एखाद्या शैक्षणिक प्रश्नाचा अभ्यास करावा, एकमेकांच्या तासिका पाहाव्यात, लागतील ती पुस्तके व साहित्य घ्यावे, गरज वाटल्यास बाहेरच्या जाणकाराला बोलवावे आणि त्याचा खर्च संस्थेने द्यावा, असे योजनेचे स्वरूप आहे. संस्थेचे मूळ टिपण इंग्रजीत असल्याने त्यावरून झालेल्या पहिल्या मसुद्याचे शीर्षक ‘शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी व सहयोगी अध्ययनासाठी अनुदान’ असे आहे. हा मसुदा काही शिक्षकांना वाचायला दिला, तेव्हा एका सरांनी लगेच ‘किती टक्के?’ असे विचारले, एका बाईंना शिक्षकांनी जोडधंदा करावा अशी ही योजना वाटली, तर आणखी एकांनी ती विद्यार्थ्यांच्या गटकार्यासंबंधी असावी असा अंदाज केला. शब्द सगळे कोशातले आणि शुद्ध असूनही अर्थ पोहोचत नाही. ‘अनुदान’, ‘व्यावसायिक’ आणि ‘सहयोगी अध्ययन’ या तीन शब्दांचे मराठीतले प्रत्यक्ष अर्थ काय आहेत आणि शीर्षक कसे असावे, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद : माजी केंद्रप्रमुख

‘किती टक्के?’ हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातील खासगी शाळेच्या शिक्षकखोलीत ‘अनुदान’ हा शब्द एकटा उच्चारला, तर त्याचा अर्थ शिक्षकांच्या पगाराचा भार शासनाने उचलणे एवढाच होतो. ‘आमची शाळा ग्रँटवर आली’, ‘ते सर अजून वीस टक्क्यांवर आहेत’, ‘अनुदानित तुकडीवर जागा निघाली’ ही रोजची वाक्ये आहेत. अनुदानित, अंशतः अनुदानित आणि विनाअनुदानित ही विशेषणे व्याकरणाने शाळेला लागतात, पण त्यांच्यावर शिक्षकाचे लग्न, घराचे कर्ज आणि निवृत्तीवेतन ठरते. 2001 साली शासनाने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान तत्त्वावर’ परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले आणि 2009 साली त्यातून ‘कायम’ हा एकच शब्द वगळला, तेव्हा या शाळांना मूल्यांकनानंतर अनुदान मिळण्याची वाट खुली झाली. पुढे ‘टप्पा अनुदान’ आले, म्हणजे वेतनाच्या 20, 40, 60 टक्के अशा पायऱ्या आल्या, आणि त्या प्रत्येक पायरीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर शिक्षक बसले. ज्या शब्दासाठी माणसे इतकी वर्षे झगडली, तो शब्द त्यांना दुसऱ्या अर्थाने चटकन दिसत नाही.

शब्दाचा वापर पगारापुरताच आहे, असे मात्र नाही. विशेषण लावले की तो बदलतो. खासगी अनुदानित शाळांत पगाराखेरीजच्या खर्चासाठी ‘वेतनेतर अनुदान’ असते, जिल्हा परिषदेच्या शाळांत खडू, वीजबिल, रजिस्टरे अशा किरकोळ खर्चासाठी ‘सादिल अनुदान’ हा जुना दफ्तरी शब्द अजून वापरला जातो आणि 2018 पासून समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येनुसार ‘संयुक्त शाळा अनुदान’ येते. आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण सर्व शिक्षा अभियानातील ‘शिक्षक अनुदान’ हे आहे. शैक्षणिक साहित्य तयार करण्यासाठी प्रत्येक शिक्षकामागे वर्षाला 500 रुपये मिळत. रक्कम क्षुल्लक होती आणि तिचा बराचसा भाग कार्डशीट व स्केचपेनांवर जाई, पण शिक्षकाने स्वतःच्या निर्णयाने खर्च करायची ती एक हक्काची रक्कम होती आणि ‘शिक्षक अनुदान आले का?’ असे विचारल्यावर त्याचा संबंध पगाराशी कोणी जोडत नसे. म्हणून माझे म्हणणे असे, की ‘अनुदान’ टाकून देऊ नये, ते एकटे ठेवू नये.

प्रतिसाद : परिभाषेचा अभ्यासक

केंद्रप्रमुख सरांच्या प्रतिसादाला थोडी जुनी बाजू जोडतो. आज आपण ज्याला अनुदान म्हणतो ती व्यवस्था 1854 च्या वुडच्या खलित्यातून, म्हणजे कंपनी सरकारच्या काळातील शिक्षणविषयक धोरणपत्रातून आली. खासगी शाळा चालवणाऱ्यांनी स्वतः काही पैसा उभा करावा, तपासणीला मान्यता द्यावी आणि मग सरकारने त्यात भर घालावी, ही तिची कल्पना होती, म्हणूनच परिभाषेत ‘सहायक अनुदान’ असे पद रूढ झाले. पुढे बोलण्यात ‘सहायक’ गळाले. त्याच खलित्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणि प्रशिक्षण घेणाऱ्यांना विद्यावेतन देण्यावरही भर होता, पण तो पैसा ‘अनुदान’ या शब्दाखाली आला नाही. संस्थेला मिळते ते अनुदान आणि व्यक्तीला मिळते ते वेतन, मानधन, विद्यावेतन किंवा शिष्यवृत्ती, अशी विभागणी शिक्षणखात्याच्या मराठीत पुढे साधारणपणे रूढ झाली. आपल्या योजनेची अडचण नेमकी इथे आहे, कारण पैसा शाळेला जाणार नाही आणि कोण्या एकाच्या खिशातही जाणार नाही. तो चार-पाच जणांच्या गटाला त्यांच्या अभ्यासासाठी मिळणार आहे, आणि या घटनेसाठी आपल्याकडे तयार शब्द नाही.

त्याआधीच्या मराठीत विद्येसाठी व्यक्तीला पैसा देण्याचे शब्द होते. ‘वर्षासन’ (दरवर्षी मिळणारी नेमणूक) आणि ‘दक्षिणा’ हे त्यातले दोन. पेशवाईत श्रावणात पुण्याला वाटली जाणारी दक्षिणा 1818 नंतर कंपनी सरकारने कमी-अधिक प्रमाणात चालू ठेवली, त्या पैशातून 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि 1851 साली मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. न्यायमूर्ती रानडे यांना विद्यार्थिदशेत मिळालेली ‘दक्षिणा फेलोशिप’ ही त्याच निधीतली होती. या परंपरेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण मुळात ती ब्राह्मण शास्त्री-पंडितांपुरती होती आणि तिचा पैसा मराठी ग्रंथांकडे वळावा म्हणून अर्ज करावे लागले. तरी एवढे लक्षात घ्यावे, की अभ्यास करणाऱ्याला अभ्यासासाठी पैसा द्यावा, ही कल्पना आपल्या भाषेला परकी नव्हती, ती ‘अनुदान’ या शब्दात शिरली नाही इतकेच. आज ‘दक्षिणा’ शब्द वापरणे मात्र हास्यास्पद होईल.

पर्यायांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर ‘निधी’ म्हणजे साठा. संस्थेकडे निधी असतो आणि त्यातून अर्जदाराला अनुदान मिळते, हा भेद माहितीपत्रकात पाळावा, जरी बातम्यांत ‘निधी मिळाला’ हे सर्रास चालत असले तरी. ‘अर्थसाहाय्य’ हा शब्द बिनचूक आहे, पण आपद्ग्रस्त किंवा निराधार व्यक्तीला मदत दिल्याची छटा त्याला चिकटली आहे आणि शिक्षकांना ती खटकेल. ‘मानधन’ केलेल्या कामाबद्दल असते. ‘अधिछात्रवृत्ती’ (फेलोशिप) एका व्यक्तीची असते आणि विद्यापीठाबाहेर ती उच्चारतानाच जीभ अडखळते. शिवाय ‘अनुदान’ शेतकऱ्याच्या ठिबक संचाला, गॅसच्या सिलिंडरला आणि ‘सानुग्रह’ हे विशेषण लावून महापालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या दिवाळीलाही पुरते. इतका पसरलेला शब्द शीर्षकात एकटा ठेवू नये, या मताला माझी पुस्ती.

प्रतिसाद : मुद्रितशोधक

‘व्यावसायिक’ या शब्दाची गोष्ट सोपी आहे. व्यावसायिक गाळे, व्यावसायिक रंगभूमी, व्यावसायिक सिलिंडर आणि व्यावसायिक शिक्षण या चारही ठिकाणी त्याचा अर्थ पैसा मिळवण्याशी किंवा रोजगाराशी बांधलेला आहे. त्यामुळे बाईंना जोडधंदा आठवला, यात नवल नाही. मराठीत शिकवण्याच्या कामाला ‘पेशा’ हा शब्द इतका मुरलेला आहे, की ‘शिक्षकी पेशा’ असे आपण विचार न करता म्हणतो, पण ‘पेशाविकास’ कानाला सोसत नाही. ‘वृत्तिविकास’ हा सुटसुटीत शब्द सुचवता येईल. मात्र ‘वृत्ती’चा रोजचा अर्थ स्वभाव असल्यामुळे शिक्षकांची वृत्ती सुधारायला कोणी निघाले आहे, असा समज व्हायचा, आणि तसा समज करून देणारी प्रशिक्षणे शिक्षकांनी पुष्कळ सोसली आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास ‘सतत व्यावसायिक विकासा’साठी द्यावेत असे म्हटले आहे, त्यामुळे हे पद शासकीय कागदपत्रांत पक्के झाले आहे आणि ते हटणार नाही. माहितीपत्रकाच्या मजकुरात एकदा ते द्यावे, म्हणजे शिक्षकांना हे तास त्यात मोजून घेण्याची विनंती वरिष्ठांकडे करता येईल. शीर्षकात त्याची गरज नाही. आणि जिथे वापराल तिथे ‘व्यवसायिक’ असे लिहू नये, ‘व्यावसायिक’ असेच लिहावे. हीच गोष्ट ‘साहाय्य’ची, ‘सहाय्य’ हे रूप कायद्यांच्या नावांतही शिरले आहे, तरी कोशातले रूप ‘साहाय्य’ आहे.

प्रश्नकर्तीचा उपप्रश्न

तिघांचेही आभार. ‘व्यावसायिक विकास’ वगळल्यास साध्या ‘प्रशिक्षण’ या शब्दाने काम भागेल का, असे संस्थेने विचारले आहे. ‘सहयोगी अध्ययना’बद्दलही मत हवे आहे.

प्रतिसाद : माजी केंद्रप्रमुख

‘प्रशिक्षण’ मुळीच वापरू नये. मराठीत प्रशिक्षण ‘दिले’ जाते आणि ‘घेतले’ जाते; देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा असतो. सेवांतर्गत प्रशिक्षणाचा आदेश निघतो, शिक्षकाला कार्यमुक्त केले जाते, तालुक्याच्या गटसाधन केंद्रात किंवा डायटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारा, बोलतो, उपस्थितीपत्रकावर सही होते. त्यातली काही प्रशिक्षणे उत्तम होती, हे मी अनुभवाने सांगतो, पण काय शिकायचे हे शिक्षकाने ठरवलेले नसे. उलट 2022 मध्ये वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी लागणाऱ्या प्रशिक्षणासाठी शिक्षकांकडूनच 2,000 रुपये शुल्क घेतले गेले, म्हणजे तिथे पैशाची दिशाही उलटी होती. या योजनेत प्रश्न शिक्षकाचा, गट शिक्षकांचा आणि खर्चाचा निर्णयही त्यांचाच आहे. ‘प्रशिक्षण’ म्हटले की अर्ज करण्याऐवजी शिक्षक आदेशाची वाट पाहतील.

एकत्र बसून शिकण्याला आपल्याकडे काय म्हणत आले, तेही पाहू. 1994 साली जवळपासच्या शाळांचे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख अशी रचना आली आणि केंद्रातल्या दहा-बारा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमू लागले. त्याला आम्ही ‘केंद्र संमेलन’ म्हणत असू. आदर्श पाठ, त्यावर चर्चा, मग सूचना आणि माहितीचे तक्ते. गेल्या काही वर्षांत त्याचेच नाव ‘शिक्षण परिषद’ झाले. नाव भारदस्त झाले, पण ज्या परिषदेत आदर्श पाठाला अर्धा तास आणि पोर्टलवर भरायच्या माहितीला दोन तास जात, तिला सहयोगी अध्ययन म्हणणे मला अवघड जाते. तरी ज्या केंद्रांत पाठावरची चर्चा खरी होई, तिथे शिक्षक स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या शाळा पाहायला जात, हेही मी पाहिले आहे. ‘सहविचार सभा’ हा आणखी एक आपला शब्द आहे, फार चांगला, पण आता तो मुख्याध्यापकांच्या प्रशासकीय बैठकीसाठी राखीव झाल्यासारखा आहे.

प्रतिसाद : परिभाषेचा अभ्यासक

‘सहयोगी अध्ययन’, ‘सहकार्यात्मक अध्ययन’ आणि ‘सहकारी अध्ययन’ हे तीन पर्याय डी.एड. आणि बी.एड.च्या पाठ्यपुस्तकांतून फिरत असतात आणि तिन्ही ठिकाणी संदर्भ वर्गातल्या विद्यार्थ्यांचा असतो; म्हणून वाचकांना गटकार्य आठवले. तिसरा पर्याय तर महाराष्ट्रात थेट साखर कारखान्याकडे नेतो. माझी पसंती ‘सहाध्ययन’ या शब्दाला आहे. ‘सहाध्यायी’ हा शब्द जुना आणि परिचित आहे, त्याच्याच शेजारी हे क्रियावाचक नाम सहज बसते, आणि शिकवणारा व शिकणारा अशी विभागणी त्यात नाही. जपानमध्ये शिक्षक एकत्र पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे निरीक्षण करतात आणि मग सगळे मिळून त्याचा कीस काढतात. त्या पद्धतीच्या जपानी नावाचा शब्दशः अर्थ ‘पाठसंशोधन’ असा होतो. आपल्या योजनेतील काही गट नेमके हेच करतील, तेव्हा मजकुरात ‘पाठसंशोधन’ आणि शिक्षकांना ठाऊक असलेला ‘कृतिसंशोधन’ हे दोन्ही शब्द उदाहरणादाखल यावेत.

अमेरिकेतील एनईए फाउंडेशनसारख्या संस्था एकट्या शिक्षकासाठी आणि गटासाठी वेगवेगळी अनुदाने देतात. त्यांच्याकडे अर्जदार हा शिक्षक असतो, शाळा नव्हे. मराठी माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिले नाही, तर अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने आणि शाळेच्या नावाने येतील, कारण अनुदानाचा अर्ज तसाच करायचा असतो, असे सर्वांना वाटते.

प्रतिसाद : मुद्रितशोधक

‘सहाध्ययन’ हा शब्द मला पटतो, पण माहितीपत्रक हाती घेणारा शिक्षक तो पहिल्यांदाच वाचत असेल. म्हणून त्याला ‘अभ्यासगट’ या ओळखीच्या शब्दाचा आधार द्यावा. ‘अभ्यासमंडळ’ मात्र टाळावे, तो विद्यापीठाच्या अधिकार मंडळाचा शब्द आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांची मते विचारात घेऊन ‘शिक्षक अभ्यासगटांसाठी सहाध्ययन अनुदान’ असे शीर्षक ठरवले आहे. त्याखालचे पहिले वाक्य असे राहील : ‘हे अनुदान वेतनाशी संबंधित नाही आणि ते शाळेला दिले जात नाही; चार-पाच शिक्षकांनी मिळून निवडलेल्या शैक्षणिक प्रश्नाच्या अभ्यासासाठी, म्हणजे पुस्तके, साहित्य, प्रवास आणि जाणकारांचे मानधन यांसाठी, ते त्या शिक्षकांच्या गटाला दिले जाते.’ वाक्य लांब आहे, पण ‘किती टक्के?’ या प्रश्नाचे उत्तर त्यात सुरुवातीलाच येते.

प्रतिसाद : माजी केंद्रप्रमुख

शीर्षक चांगले झाले. एकच सूचना आहे. वर्षअखेरीस गटाकडून जो हिशोब मागाल, त्याला ‘उपयोगिता प्रमाणपत्र’ म्हणू नका. मार्चअखेरीस त्या नावाच्या कागदामागे प्रत्येक मुख्याध्यापक धावलेला असतो आणि खर्च कशावर झाला यापेक्षा तो पूर्ण झाला की नाही, एवढेच त्या कागदात पाहिले जाते. ‘खर्चाचा तपशील’ आणि ‘अभ्यासाचे टिपण’ अशी दोन साधी नावे ठेवा, आणि टिपण किती पानांचे असावे हे कृपया गटावर सोडा.