गुडघेदुखीवर सुया: आईला फरक पडला, तुमचं काय मत?

काजूगर: आईचे गुडघे भाताच्या लावणीत गेले, वय ६७, राहणार दापोली तालुका. बाजारात दर गुरुवारी एक अ‍ॅक्युपंक्चरवाले बसतात, सहा वेळा नेली, आता घराच्या चिऱ्याच्या पायऱ्या भिंत न धरता उतरते. बोर्डावर गुडघा, कंबर, मायग्रेन, शुगर, थायरॉईड सगळंच लिहिलंय ते सोडा, पण दुखण्यावर करून बघायला काय हरकत आहे? लोक उगाच हसतात.

खाडीकाठ: हसत नाही, पण जर्मनीतली २००७ ची ट्रायल बघ, ११६२ कंबरदुखीवाले. बरोबर जागी सुया टोचलेल्यांत ४७.६ टक्क्यांना फरक पडला आणि भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांत ४४.२. मग पॉइंट पॉइंट करतात त्याचं काय राहिलं?

काजूगर: आणि नुसत्या गोळ्या, फिजिओ, व्यायामवाले? २७.४. तो आकडा बरा गाळलास रे!

खाडीकाठ: गाळला नाही. आपल्याला सुया मिळाल्या नाहीत हे त्या लोकांना माहीत होतं ना, तिथंच अर्धा फरक पडतो. ब्रिटनच्या नाइसने, म्हणजे कुठले उपचार द्यावेत ते सुचवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, कंबरदुखीसाठी २००९ ला सुया सुचवल्या आणि २०१६ ला काढून टाकल्या.

वेंगुर्लेकर: माका होडयेत बसला काय वांती येतत. मनगटाच्या आतसून तीन बोटां वर, दोन शिरांच्या मधी दाबून धरलंय काय जरा बरां वाटता. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर हीच जागा वापरतत.

काजूगर: बोट लागली तर तीन बोटं 😄

सिस्टर_रत्नागिरी: दुखणं, मळमळ ठीक आहे हो. पण मागच्या पावसात आमच्या वॉर्डात एक काका आले, सुयांवर भरवसा ठेवून इन्सुलिन बंद केलेलं, शुगर ५२०, अंगठा काळा पडलेला आणि त्यांना दुखतच नव्हता, शुगरमध्ये पायाची जाणीव जाते ना. सुया नवीन असतात का, पाकीट तुमच्यासमोर फोडतात का ते बघा, नाहीतर हिपॅटायटिस-बीची कावीळ घरी घेऊन याल.

काजूगर: शुगरचं मी कुठं म्हटलं ताई, तो बोर्ड चुकीचाच आहे.

खाडीकाठ: बोर्ड चुकीचा, पण ज्याने लावला त्याच्याच हाती आईचा गुडघा देतोस. अ‍ॅक्युपंक्चर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तरी विचारलंस? महाराष्ट्रात त्याचा कायदा झालाय.

काजूगर: नाही विचारलं. आत्ता आईला विचारलं सुया कुठनं काढतात, म्हणाली स्टीलच्या डब्यातनं.