अपिलाचा मसुदा एआयकडून लिहून घ्यावा का?

रामबागकर (इंदूर, दिवाणी वकिली)

माझं मत आधीच सांगतो: घेऊ नये. यावर कुणी बोलायला लागलं की पहिल्यांदा खोट्या दाखल्यांची गोष्ट निघते. 2023 मध्ये न्यूयॉर्कला एव्हियांका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टापुढे ठेवले आणि 5,000 डॉलर दंड भरला. ते वाईटच. पण असा दाखला पकडता येतो. ईएससीआर या सरकारी ऑनलाइन संग्रहात सुप्रीम कोर्टाचे निवाडे फुकट आहेत, दहा मिनिटांत खरं-खोटं कळतं.

मी घाबरतो ते जे पकडता येत नाही त्याला. मध्यंतरी माझा ज्युनिअर एआयकडून लिहून घेतलेला सेकंड अपिलाचा मसुदा घेऊन आला. आम्ही भाडेकरूतर्फे. घरमालकाला धंद्यासाठी जागा हवी म्हणून दुकान रिकामं करण्याचा हुकूम, आणि तो खालच्या दोन्ही कोर्टांनी दिलेला. मसुद्यातली इंग्रजी इतकी सफाईदार की मीही क्षणभर खूश झालो. मग रात्री साक्षीच्या नकला घेऊन बसलो. घरमालकाच्या उलटतपासणीत, तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ: "यह सही है कि सियागंज में मेरा एक गोदाम खाली है." आमच्या मध्य प्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण (भाडे) कायद्यात कलम 12(1)(एफ) खाली घरमालकाला हे दाखवावं लागतं की त्याच शहरात त्याच्या ताब्यात दुसरी सोयीची जागा नाही. दोन्ही निकालांत या कबुलीचा उल्लेख नाही. म्हणजे महत्त्वाचा पुरावा नजरेआड करून काढलेला निष्कर्ष. सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम 100 खाली हायकोर्टात उभं राहायला लागतो तो कायद्याचा प्रश्न आमच्यापाशी तेवढ्या एका ओळीतूनच येत होता. एआयच्या सारांशात ती ओळ नव्हती. तिथे फक्त "घरमालकाने गरज सिद्ध केली" एवढंच होतं.

ती ओळ मसुदा लिहिताना सापडते, कारण लिहायचं म्हटलं की रेकॉर्ड वाचावंच लागतं. लिहिणं दुसऱ्याकडे गेलं की वाचनही जातं.

नवी सनद (इंदूर)

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच लिहिते, पण तुमच्या उदाहरणात चूक ज्युनिअरची आहे. त्याने नकला वाचल्या नाहीत. एआय नसतं तर त्याने एखाद्या जुन्या फाईलमधून ग्राउंड्स, म्हणजे अपिलाची कारणं, उतरवले असते, तसे अर्धे लोक आजही उतरवतात. "खालच्या कोर्टाचा निकाल कायदा आणि वस्तुस्थितीला धरून नाही" हे वाक्य मी शंभर अपिलांत वाचलंय. ते कुठल्या मशीनने लिहिलं होतं?

माझी अडचण ऐका. शाळा हिंदी माध्यमाची, घरात मराठी, खालचं रेकॉर्ड हिंदीत. हायकोर्टात हिंदी चालते हे मला माहीत आहे, पण इंदूर खंडपीठात बहुतेक ड्राफ्टिंग इंग्रजीतच होतं आणि कच्च्या इंग्रजीचा वकील समोर उभा राहिला की त्याचा मुद्दाही कच्चा वाटतो. वर्षानुवर्षं मोठ्या चेंबरच्या मुलांकडे जे आपोआप होतं ते मला आता संध्याकाळी दोन तासांत मिळतं. मी ग्राउंड्स हिंदीत, माझ्या हाताने लिहिते, मग एआयकडून इंग्रजी करून घेते. यात काय बिघडलं?

आणि वेळ. हायकोर्टात अपिलाला 90 दिवस. नकलेचे दिवस वजा होतात हे खरं, तरी पक्षकार येतो तेव्हा हातात आठवडा उरलेला असतो. मग उशीर माफीचा अर्ज लावायचा आणि त्यावरच पेश्या घ्यायच्या?

रामबागकर

ताई, हिंदीत तुम्ही लिहिता म्हणजे मसुदा तुमचा. भाषांतराला माझा विरोध नाही, सुप्रीम कोर्टसुद्धा सुवास नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठी वापरतं. तरी उलटून आलेली इंग्रजी मूळ हिंदीशी ओळ-ओळ ताडून पाहा. "कब्जा" आणि "मालकी" यांत फरक पडला तर खटला फिरतो.

लष्करकर (ग्वाल्हेर, फौजदारी)

मी लीगल एडच्या पॅनेलवर आहे. 1987 च्या कायद्याने तुरुंगातल्या माणसाला मोफत वकील मिळतो, पण त्या वकिलापाशी वेळ किती असतो ते मला विचारा. एकेका अपिलात वीस-वीस साक्षीदार. मी एआयला विचारतो: हत्यार जप्त केल्याबद्दल कोण कोण बोललं, पान क्रमांकासह सांग. मग ती पानं स्वतः उघडतो. रामबागकरांनी गोदामाबद्दल असंच विचारलं असतं तर ती ओळ निघाली असती.

दोन धोके मात्र मी पाहिलेत. 1 जुलै 2024 च्या आधीच्या खुनाच्या खटल्यात त्याने कलम 302 खोडून, त्या तारखेपासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेचं 103 घातलं. जुना गुन्हा भारतीय दंड विधानाखालीच चालतो. आणि काही सांगितलं नाही तर ग्राउंड्सच्या जागी लांबलचक युक्तिवाद लिहून देतो.

रामबागकर

विचारलं असतं तर! गोदाम आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पक्षकारानेही सांगितलं नव्हतं. वाचता वाचता सापडलं. तुम्ही वीस वर्षं खुनाचे खटले चालवलेत, म्हणून जप्तीबद्दल काय विचारायचं ते तुम्हाला कळतं. ज्या ज्युनिअरने एकही रेकॉर्ड शेवटपर्यंत वाचलेलं नाही तो काय विचारणार?

युक्तिवादाचा मुद्दा तुम्ही छान काढलात. सिव्हिल प्रोसिजर कोडचा ऑर्डर 41, रूल 1 सरळ सांगतो: ग्राउंड्स थोडक्यात, वेगवेगळ्या शीर्षकांखाली, क्रमांक देऊन, युक्तिवाद आणि कथन न करता.

पक्षकार, लोधीपुरा

मी वकील नाही. माझ्या अपिलात काय लिहिलंय ते मला कधीच कुणी समजावलं नाही. सही कुठे करायची तेवढं मुंशीजींनी दाखवलं. मागच्या पेशीनंतर मुलाने ते कागद फोनवर टाकले आणि एआयने सोप्या मराठीत सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा मला माझा खटला कळला. त्यात एक तारीख चुकलेली दिसली, ती मी वकीलसाहेबांना सांगितली, त्यांनी दुरुस्तीचा अर्ज दिला. याच्याविरुद्ध बोलताना आमचा पण विचार करा.

लष्करकर

दादा, तुमचा खटला, तुमचे कागद, तुमचा निर्णय. वकिलाचं तसं नाही. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. कुणाच्या सर्व्हरवर जातं माहीत नसलेल्या ठिकाणी मी नावं, पत्ते टाकत नाही. आधी काळी करतो.

नवी सनद

केरळ हायकोर्टाने 2025 मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण आणलं: निष्कर्ष काढायला, निकाल लिहायला एआय वापरायचं नाही. न्यायाधीशांना नियम घालून देता येतो, तर वकिलांनाही द्यावा. बंदी नको. अपिलासोबत वकिलाने लिहून द्यावं की प्रत्येक दाखला मी स्वतः उघडून पाहिला आणि साक्षीचं प्रत्येक पान मी वाचलं.

रामबागकर

दुसऱ्या वाक्यावर सही करायला किती जण तयार होतील, ताई? मी तयार आहे. माझ्या त्या ज्युनिअरला मात्र मी अजून एआयला हात लावू देत नाही. या महिन्यात त्याला चार जुन्या फर्स्ट अपिलांची रेकॉर्ड्स दिलीत. पेन्सिल घेऊन वाचायची आणि प्रत्येकातून खालच्या कोर्टाने सोडून दिलेली एक तरी ओळ काढून दाखवायची. काल दुसऱ्या रेकॉर्डमधून त्याने भाड्याची एक पावती काढली. ती मला स्वतःला तेव्हा दिसली नव्हती.