अनुभव धागा : बर्फातल्या ठाण्यावर आलेला ‘विलिंग की अनविलिंग’चा कागद

सैन्यातील जवानाची सेवा हुद्द्याप्रमाणे ठरलेल्या वर्षांनी संपते, आणि ती संपण्याच्या बरेच आधी त्याला एका कागदावर विचारले जाते की आणखी दोन वर्षे राहण्यास तो राजी (‘विलिंग’) आहे की नाही (‘अनविलिंग’). या मुदतवाढीने नायकाची 22 वर्षांची सेवा 24 पर्यंत आणि हवालदाराची 24 वर्षांची 26 पर्यंत जाते. हा कागद पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीत, आला तर माणूस घरी फोन करतो, चार सोबत्यांशी बोलतो आणि मग सही करतो. ज्यांच्यापुढे तो ऐन हिवाळ्यात सियाचिन किंवा द्रासच्या बाजूला आला, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी त्या दिवसांविषयी येथे लिहावे, ही विनंती. पलटणीचे व ठाण्याचे नाव कृपया देऊ नये.

निवृत्त नायक, माण तालुका :

2002 च्या जानेवारीत मी हिमनदीवर, साधारण 18,000 फुटांवरच्या एका ठाण्यावर होतो. ते ऑपरेशन पराक्रमचे, म्हणजे पाकिस्तान सीमेवर सैन्य जमवल्याचे, दिवस असल्याने रजेचे नाव काढण्याची सोय नव्हती. तिथे सगळे रॉकेलवर चालते. बर्फ वितळवून पाणी करायचे ते स्टोव्हवर आणि ऊबही त्याचीच, त्यामुळे सकाळी थुंकले की काळी काजळी पडत असे. हेलिकॉप्टरने टाकलेल्या डाकेत हा कागद आला आणि उत्तर लवकर हवे असल्याचा निरोप वायरलेसवर दोनदा आला. बॉलपेनची शाई उतरत नव्हती, म्हणून मी पेन काखेत धरून बसलो, आणि ते गरम होईपर्यंत माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही : ‘अनविलिंग’ लिहायचे आणि मोकळे व्हायचे. गावी दोन मुली, थकलेले वडील आणि आटलेली विहीर होती, पण खरे सांगायचे तर त्या क्षणी मला त्यांच्यापैकी कोणीच आठवले नाही. फक्त बोटे आठवली, कारण उजव्या हाताची दोन बोटे आठवडाभर बधिर होती.

ठाण्याच्या सुभेदारसाहेबांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि घडी करून आपल्या खिशात ठेवला. ते म्हणाले, “इथं लिहू नकोस. खाली उतर, अंघोळ कर, मग काय लिहायचं ते लिही.” वायरलेसवर त्यांनी काय सांगून वेळ काढली, ते मला त्यांनी कधी सांगितले नाही. तीन महिने पुरे करून आम्ही दोराला बांधलेल्या तुकडीने खाली आलो, बेस कॅम्पवर ओ. पी. बाबांच्या, म्हणजे सियाचिनच्या जवानांच्या श्रद्धास्थानाच्या, मंदिरात रिपोर्ट केला, आणि मी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा अंगावर गरम पाणी घेतले. त्यानंतर वडिलांचा, मुलींचा, विहिरीचा असा सगळा हिशेब मांडून मी ‘अनविलिंग’च लिहिले. उत्तर तेच राहिले, फक्त अक्षर सरळ आले.

एका हवालदाराच्या पत्नी, गडहिंग्लज :

यांनी पत्रातून माझे मत विचारले होते. सासूबाईंचे गुडघे, ऊसतोड आणि मुलाचे दहावीचे वर्ष, असे सगळे लिहून मी “आता पुरे, घरी या” असे कळवले. माझे पत्र वर पोहोचले तेव्हा सही होऊन तीन आठवडे झाले होते, आणि सही ‘विलिंग’ची होती. ती दोन वर्षे संपून बराच काळ लोटला आहे, वाढीव पगारात घराचा स्लॅबही पडला, तरी त्यांनी उत्तराची वाट का पाहिली नाही हे मी अजून विचारते आणि ते अजून विषय बदलतात.

निवृत्त क्लार्क :

थोडी दुरुस्ती करतो. ‘विलिंग’ लिहिले म्हणजे मुदतवाढ मिळाली, असा अनेकांचा समज असतो. पुढे स्क्रीनिंग बोर्ड, म्हणजे छाननी मंडळ, असते. त्यात वैद्यकीय श्रेणी पाहतात आणि शिक्षेच्या नोंदीही पाहतात. हिमदंशाने पायाची बोटे गेलेला एक जवान ‘विलिंग’ लिहून माझ्यासमोर उभा होता, आणि त्याची श्रेणी उतरल्याचा कागद माझ्याच टेबलावर पडलेला होता. ते त्याला आधी कोणी सांगायचे, यावर आम्ही दोघे क्लार्क चहा गार होईपर्यंत बोलत बसलो होतो.

लंगरवाला (सैन्याच्या स्वयंपाकघरातला), द्रास :

आमच्या वस्तादांनी ‘विलिंग’ लिहिले म्हणून मीही लिहिले. पहाटे बुखारी (उबेची शेगडी) पेटवणारा दुसरा कोणी नव्हता.

एका अग्निवीराचे वडील, सातारा जिल्हा :

मी स्वतः 17 वर्षे नोकरी केली आणि तुमच्यासारखाच कागद भरला. मुलाचे गणित उलटे आहे. चार वर्षांनंतर त्याने राहण्यासाठी अर्ज करायचा आणि घ्यायचे की नाही ते फौज ठरवणार, तेही भरतीच्या एका बॅचमधील जास्तीत जास्त 25 टक्क्यांनाच. तो सध्या लडाखमध्ये आहे. परवा फोनवर त्याने जाड मोज्यांसाठी बूट एक नंबर मोठे का घ्यावे लागतात ते मला समजावून सांगितले, जणू मी कधी ते घातलेच नव्हते. मी ऐकून घेतले. अर्जाविषयी तो बोलला नाही, आणि मीही विचारले नाही.