चित्रासोबत दोन ओळी हव्यातच

'चित्र सुंदर असलं की पुरे, माहिती कोण वाचतो?' असं कुणी म्हणालं, ते मला पटलं नाही. मी नागपूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर नासाचं रोजचं खगोलचित्र (१६ जून १९९५ ला सुरू झालेलं) टाकतो. गरुड तेजोमेघातले (अवकाशातला वायू-धुळीचा ढग) हबल अवकाश दुर्बिणीने टिपलेले धुळीचे खांब नुसतेच टाकले, तर काकू विचारते, "बाबू, रामटेकच्या गडावरून दिसते का असं?" मग सांगावं लागलं, हे रंग डोळ्यांना दिसणारे नाहीत, गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा असे नेमून दिलेले. आणि हो, चित्राखालचं श्रेय (चित्र कुणाचं ते) कापू नका. नासाची स्वतःची चित्रं बहुतेक वापरायला मुक्त असतात, पण हौशी छायाचित्रकारांच्या फोटोंवर हक्क त्यांचाच.